पाचपैकी तीन

कोरडी वाळू साधारण चौतीस अंशांवर थांबते. मुठीतून ती एकाच जागी सोडत राहिलं तर ढीग वाढत जातो, पण त्याच्या बाजूचा उतार त्याहून उभा होत नाही. जास्तीचे कण घरंगळतात आणि ढीग पुन्हा तेवढाच तिरका राहतो. थोडी ओली वाळू याहून उभी राहू शकते, म्हणून मुलांना किल्ले करता येतात. फार ओली झाली की ती बसते. थोडं पाणी कणांना धरून ठेवतं, जास्त झालं की तेच त्यांना सुटं करतं. मार्चमधल्या एका रविवारी द हेगच्या किनाऱ्यावर मी हे पाहत उभी होते, कारण हातात फावडं होतं आणि खणायची माझी पाळी अजून आली नव्हती.

आम्ही पाच जण हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला शोधण्याचा सराव करत होतो. नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत आणि त्या दिवशी बर्फही नव्हता, त्यामुळे वाळू. मागच्या वाळूच्या टेकड्या उताराच्या दृष्टीने जास्त योग्य होत्या, पण तिथे खणायला बंदी आहे, कारण त्या समुद्र अडवतात. मी डेल्फ्टमध्ये समुद्र अडवणाऱ्या बांधांवरच काम करते. बांधात पाणी मुरलं की माती कधी सुटते, हे मोजणं माझी नोकरी आहे. म्हणून आम्ही खाली, सपाट वाळूवर होतो.

डोंगरात प्रत्येकाच्या छातीला एक यंत्र बांधलेलं असतं, मोबाइलपेक्षा थोडं जाड. ते सतत संदेश पाठवत राहतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपलं यंत्र शोधाच्या बटणावर न्यायचं, पडद्यावरचा बाण आणि आकडा पाहत जवळ जायचं, घडीची लांब सळई टोचून नेमकी जागा काढायची आणि खणायचं. आमचा गाडलेला माणूस म्हणजे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातलेलं एक यंत्र होतं.

तो पहिल्या फेरीत एका कुत्र्याला सापडला. मालकीण मागोमाग धावत आली, तिने माफी मागितली आणि डब्यात काय आहे ते विचारलं. अभिराम ग्रोनिंगनला संशोधन करतो आणि आमच्यात त्याचं डच सर्वात चांगलं आहे. त्याने सांगितलं की हा आमचा मित्र आहे. ती बाई काही वेळ डब्याकडे पाहत राहिली. मग तिने आमचं सांत्वन केलं, कुत्र्याला पट्टा लावला आणि निघून गेली.

दुसऱ्या फेरीत सुदर्शनदादांनी सूत्रं हातात घेतली. आधी सगळ्यांना एकत्र बोलावलं, डोकी मोजली, कामं वाटून दिली, मग बाण पाहायला सांगितलं. माझ्या नवऱ्याला, राघवला, आकडा कमी होताना दिसत होता, पण दादा म्हणाले की सगळे एका रेषेत आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, म्हणून तो थांबला. डबा निघाला तेव्हा पूर्णिमावहिनींनी थर्मास उघडून चहा ओतला होता. दादांनी झाकण काढलं, आतला दिवा लुकलुकत होता. "जिवंत आहे," ते म्हणाले. सगळे हसले.

पहिल्या दहाएक मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसं जगतात. त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने खाली येतं आणि मग आलेख जवळजवळ आडवा होतो. आम्ही त्या आडव्या भागात होतो. दादांनी मला कसं वाटलं ते विचारलं. मी म्हणाले, अजून सराव केला तर बरं. ते म्हणाले, चालेल.

सुदर्शनदादा बुइटनव्हेल्डर्टला राहतात आणि झाउदासमधल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्याआधी पुण्यात असताना त्यांनी वीस वर्षं दर शनिवार-रविवार सह्याद्रीत माणसं नेली. राघव त्यांच्याबरोबर कॉलेजपासून डोंगर चढतो. आम्ही या देशात आलो तेव्हा घर मिळेपर्यंत त्यांच्या माडीवर राहिलो. महापालिकेतली आमची पहिली नोंद त्यांच्या पत्त्यावर आहे. राघवची पहिली मुलाखतही त्यांनीच जमवली. हे ते कधीही बोलून दाखवत नाहीत. त्यामुळे ते विसरणं आणखी अवघड जातं.

त्यांचे काही नियम आहेत. रिकाम्या पोटी डोंगर चढायचा नाही. सगळे आल्याशिवाय निघायचं नाही. कुणाला मागे एकटं सोडायचं नाही, चालताना गट तुटू द्यायचा नाही. पावसाळी जंगलात हे नियम उत्तम आहेत, त्यांनी माणसं सुखरूप परत आणली आहेत. वसंतातल्या बर्फावर ते सगळेच उलटे पडतात. तिथे बर्फ रात्री गोठतो आणि सकाळी काही तास टणक राहतो. ऊन चढलं की वरचं पाणी थरात मुरतं, कण सुटतात आणि सगळा उतार ओल्या काँक्रीटसारखा खाली येतो. म्हणून पहाटेच निघायचं, कुणासाठी फार थांबायचं नाही, आणि धोक्याचा उतार एकेकट्याने, अंतर ठेवून ओलांडायचा. म्हणजे उतार सुटलाच तर एकच माणूस त्यात असतो आणि शोधायला बाकीचे उरतात. आवाजाने हिमस्खलन होत नाही. माथ्यावर पोचल्यावर आम्ही सगळे मिळून करतो ती गर्जना ही आमच्या सवयींपैकी एकमेव निरुपद्रवी सवय आहे.

गेल्या वर्षी ईस्टरला ऑस्ट्रियात आम्ही अशाच एका उताराखाली उभे होतो. नाश्ता बुकिंगमध्ये होता म्हणून नाश्ता केला होता. अभिरामच्या बुटाची पट्टी तुटली म्हणून थांबलो होतो. उताराखाली फोटो काढला, वहिनींनी डिंकाचे लाडू वाटले. मग पाचही जण एका ओळीत, बोलत बोलत पलीकडे गेलो. पुढे दादा, त्यांच्या पाठीला जवळजवळ चिकटून राघव. पलीकडच्या खडकावर पाणी पीत असताना आमच्या पाऊलखुणांवर बर्फ उतरला. आवाज मालमोटार वाळू ओतते तसा, फक्त बराच वेळ. राघवच्या खुणा होत्या तिथे तो माझ्या उंचीपेक्षा जास्त साचला. दादांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, वेळ चांगली साधली.

गणपतीत ही गोष्ट आमच्या मंडळात तीनदा सांगितली गेली. तिसऱ्या वेळी लाडू खाऊन अंगात बळ आलं म्हणून आपण वेळेत ओलांडलं, असा शेवट झाला होता.

मी त्या खडकावरच ठरवलं होतं की पुन्हा यांच्याबरोबर असं जायचं नाही, आणि राघवलाही जाऊ द्यायचं नाही. पण ते मी कुणाला सांगितलं नाही. दिवाळीत दादांनी पुढच्या वर्षाचा विषय काढला तेव्हा मी 'बघू' म्हणाले. जानेवारीत डोंगरातल्या मुक्कामांचं बुकिंग झालं तेव्हाही मी 'बघू' म्हणाले आणि आमच्या दोघांची नावं यादीत गेली. त्याऐवजी मी सगळ्यांना एका प्रशिक्षणाला नेलं. माझ्या क्षेत्रात असंच करतात. बांध फुटेल असं कुणी म्हणत नाही, आधी अभ्यासगट नेमतात.

प्रशिक्षण देणारी मारायके दातांची डॉक्टर होती, हिवाळ्यात डोंगरात असायची. तिचा वर्ग समुद्रसपाटीच्या दोन मीटर खाली, एका शाळेत भरायचा. तिचा सर्वात महत्त्वाचा नियम यंत्रांबद्दल नव्हता. प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी प्रत्येकाने तोंडाने हो किंवा नाही म्हणायचं. एक नाही पुरेसा. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. आणि सर्वात अनुभवी माणसाने सर्वात शेवटी बोलायचं. डच माणसाला नाही म्हणायला शिकवावं लागत नाही, त्यामुळे वर्गातल्या बाकीच्या गटांनी हे पटकन उरकलं. आमची पाळी आली तेव्हा दादा आधी बोलले आणि मग चौघांनी एकामागून एक "चालेल" म्हटलं. मारायकेने विचारलं, तुमच्या भाषेत नाही कसं म्हणतात? अभिराम म्हणाला, "बघू." तिने ते फळ्यावर लिहिलं.

किनाऱ्यावरून परतताना ट्राममध्ये मी राघवला सांगितलं की मला ही सहल सुरक्षित वाटत नाही. त्याने बुटातली वाळू रुमालात झटकली.

"मग दादाला सांग की."

"मी तुला सांगतेय. तू त्यांच्या पाठीला चिकटून चालतोस."

"मी कॉलेजपासून तसाच चालतोय. आता मागे राहिलो तर तो विचारेल काय झालं, आणि मी काय सांगू? बायको नको म्हणते?" मग जरा हळू आवाजात तो म्हणाला, "तू बोललीस तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन. पण मी आधी बोलणार नाही, इरा. मला त्याच्यापुढे जमत नाही."

मी त्याला म्हणाले की निघायच्या आठवड्यात हवामानाचा अंदाज येईल, तो पाहून बोलू. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं.

निघायच्या आधीच्या शनिवारी आम्ही बुइटनव्हेल्डर्टला दादांच्या घरी जमलो. सोमवारी पहाटे गाडी निघायची होती. दिवाणखान्यात पाच पाठपिशव्या एका रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीवर फावडं आणि सळई बांधलेली. अंदाज सांगायचं काम नेहमीप्रमाणे माझं होतं. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला.

अंदाज वाईट होता. आठवडाभर दिवस उबदार, तापमान शून्यावर येतं ती उंची आमच्या वाटेच्या बरीच वर, आणि मुख्य म्हणजे रात्री ढगाळ. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतो आणि गोठतो. ढग असले की त्यावर दुलई घातल्यासारखं होतं. म्हणजे या वेळी पहाटे निघूनही फारसा उपयोग नव्हता, कारण टणक व्हायची वेळच येणार नव्हती. आणि दुसऱ्या दिवसाच्या वाटेत आग्नेयेकडे तोंड केलेला छत्तीस अंशांचा एक लांब उतार होता, ज्याला बगल देता येत नव्हती. तिथल्या हिमस्खलन केंद्राने धोक्याची पातळी सकाळी दोन, दुपारी तीन दिली होती. सर्वात वरची पातळी पाच असते.

मी हे सगळं सांगितलं. ओल्या बर्फाच्या स्खलनाची शक्यता सर्वसाधारण वर्षापेक्षा लक्षणीय वाढलेली आहे, असं मी म्हणाले, आणि अंदाजातली अनिश्चितताही सांगितली.

"पाचपैकी तीन," दादा म्हणाले. "म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास."

"आणि सकाळी तर चाळीसच," अभिराम म्हणाला. "काठावर पास."

मी म्हणाले की ते गुण नाहीत. एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाताना धोका एका पायरीपेक्षा बराच जास्त वाढतो, आणि डोंगरात माणसं मरतात ती मोठ्या प्रमाणात तीनच्या दिवशी, कारण चार-पाचच्या दिवशी लोक घरी बसतात. दादांनी मान डोलावली. ते म्हणाले, याच कारणासाठी इरावती बरोबर असली की निर्धास्त वाटतं, इतका अभ्यास कोण करतं. मग ते मुक्कामाच्या जागी नाश्ता किती वाजता मिळतो ते शोधू लागले. सात वाजता मिळत होता. थोडं लवकर द्याल का असं मेलने विचारू, ते म्हणाले.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. पूर्णिमावहिनी प्रवासासाठी दशम्या करत होत्या. तव्यावरची दशमी उलटून त्यांनी विचारलं, "जावं का गं?"

मी म्हणाले, शक्यता वाढलेली आहे, पण प्रत्यक्ष त्या उतारावर त्या वेळी नेमकं काय असेल ते इथून...

"मला शक्यता कळत नाही," त्या म्हणाल्या. "हो की नाही एवढंच विचारलं."

मी ग्लास विसळला.

"गेल्या वर्षी मी हो म्हटलं ना, ते ह्यांच्यासाठी नव्हतं. ह्यांना काय, कडा दिसला की पाय सुटतात. मी तुझ्याकडे पाहिलं. तू यातलं शिकलेली. तू गप्प होतीस, म्हटलं ठीक असेल. राघवही तेच करतो, मी बघते ना. स्वतः बोलायच्या आधी तुझ्याकडे बघतो." त्यांनी गॅस बारीक केला. "तुझं ते 'पण', 'तरीही', 'साधारण', ते आम्हाला ऐकू येत नाही, इरावती. आम्हाला एवढंच ऐकू येतं, की तू नाही म्हणाली नाहीस."

माझ्या कामात मोजमापाची एक सूची असते आणि मोजमाप नसलेल्या जागी रिकामी चौकट असते. ती रिकामी चौकट वाचणाऱ्याने शून्य धरू नये म्हणून आम्ही तिथे मुद्दाम एक खूण करतो. ही खूण करायला मी इतर लोकांना शिकवते.

वहिनींनी मला दशमीचा एक तुकडा दिला. त्यात गूळ थोडा जास्त होता. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ, हे कसं सांगता येतं."

आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा दादांनी मेल पाठवून टाकला होता. पिशव्यांच्या रांगेपुढे ते मांडी घालून बसले होते. मारायकेचा नियम त्यांना मनापासून आवडला होता. मंडळातल्या लोकांना त्यांनी तो दोनदा समजावून सांगितला होता, आणि आजही ते म्हणाले की निघायच्या आधी पद्धतशीर विचारून घेऊ.

"माझं हो," ते म्हणाले. "आता तुम्ही सांगा. अभिराम?"

अभिरामने एकदा टीव्हीकडे पाहिलं. तिथे अजून नकाशा होता, आमचा उतार त्यात नारिंगी. "चालेल," तो म्हणाला. ग्रोनिंगनहून येताना त्याने यासाठी सुपरवायझरकडून सुट्टी मागून घेतली होती, आणि ते त्याला सोपं गेलं नव्हतं.

"पूर्णिमा?"

वहिनी हाताला लागलेलं पीठ पदराच्या टोकाला पुसत होत्या. "आधी इरावतीला विचारा," त्या म्हणाल्या.

"ओळीने चाललंय ना."

"मग माझी पाळी शेवटी घ्या."

दादांना हे थोडं विचित्र वाटलं, पण ते हसले. "राघव?"

राघवने माझ्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या होत्या तसंच, उत्तर द्यायच्या आधी. मला हे इतकी वर्षं कसं दिसलं नव्हतं ते माहीत नाही. नवऱ्याच्या नजरेचा कोन मी कधी मोजला नव्हता. मग तो म्हणाला, "मीही नंतर सांगतो, दादा."

"अरे, हे काय, नंतर नंतर? सगळे नंतर बोलायला लागले तर आधी कोण बोलणार?" दादांचा आवाज नेहमीसारखाच प्रेमळ होता. या माणसाने आम्हाला माडी दिली होती, पहिल्या थंडीत राघवला आपला कोट दिला होता. ते माझ्याकडे वळले. "इरावती, तू सांग बाई. तुझं काय?"

पुन्हा एकदा शक्यता सांगाव्यात असं मला वाटलं. त्या मला तोंडपाठ होत्या. नीट मांडल्या असत्या तर बहुतेक पुन्हा सगळ्यांनी मान डोलावली असती.

"नाही," मी म्हणाले.

दादांनी समजून घेतल्यासारखी मान हलवली.

"नाही म्हणजे आणखी लवकर निघायचं? की तो उतार वेगळ्या दिवशी घ्यायचा? तू सांग, आपण बदलू."

कारण विचारायचं नाही हा नियम त्यांना माहीत होता, आणि त्यांनी तो मोडला नव्हता. ते कारण विचारत नव्हते. ते मला वाट काढून देत होते, वीस वर्षं सगळ्यांना देत आले तशी.

"नाही म्हणजे जायचं नाही, दादा," मी म्हणाले. "मी येणार नाही. राघवही येणार नाही. आणि तुम्हीही जाऊ नका."